दप्तराची भाषा : बीदर-कलबुर्गी सीमाभागातील राजभाषेचा इतिहास

बीदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांत सरकारी दप्तराची भाषा शंभर वर्षांच्या आत तीनदा बदलली. १८८४ च्या सुमारास फारसी जाऊन उर्दू आली, १९४८ नंतर उर्दूच्या जागी इंग्रजी बसली आणि १९६३ च्या कायद्याने कन्नड राजभाषा झाली. या सगळ्या काळात औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतल्या घरांत मराठी, कन्नड, दख्खनी उर्दू, तेलुगू आणि लमाणी या भाषा शेजारी शेजारी नांदत राहिल्या. दर बदलाला एक भाषा कचेरीत गेली आणि बाकीच्यांना दाराबाहेर थांबावे लागले. एकाच वेळी दोन भाषांना कायद्याने जागा देण्याचा प्रश्न मात्र प्रत्येक वेळी पुढच्या पिढीवर टाकला गेला.

हा प्रदेश मुळात एकभाषी कधीच नव्हता. सेडम तालुक्यातले माळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. तिथे नवव्या शतकात अमोघवर्ष नृपतुंगाच्या दरबारात ‘कविराजमार्ग’ हा उपलब्ध असलेला सर्वांत जुना कन्नड ग्रंथ लिहिला गेला. कावेरीपासून गोदावरीपर्यंतचा मुलूख त्यात कन्नड देश म्हणून सांगितला आहे. त्याच मान्यखेटात दहाव्या शतकात पुष्पदंताने अपभ्रंश भाषेत महापुराण रचले. पुढे चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, विज्ञानेश्वराने संस्कृतात ‘मिताक्षरा’ लिहिली आणि बाराव्या शतकात बसवेश्वर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कन्नडमध्ये वचने सांगितली. कल्याणीचाच राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात असा उल्लेख येतो. हा सगळा वारसा दोन्ही बाजूंनी पुढे महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाच्या पुराव्यांत ओढला गेला. तो पुरावा म्हणून वापरायचाच झाला तर एवढेच सिद्ध होते की या राजधान्यांत अनेक भाषांत लिहिणारी माणसे एकाच वेळी वावरत होती.

बहमनी सत्तेची राजधानी आधी गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या कलबुर्गीला, होती, पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात ती बीदरला गेली. दरबाराची भाषा फारसी होती. १४२२ मध्ये गुलबर्ग्यात निधन पावलेल्या ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांच्या परंपरेभोवती आणि फौजेच्या, बाजाराच्या व्यवहारातून दख्खनी वाढली. १४७२ मध्ये महमूद गावानने बीदरला उभारलेल्या मदरशात विद्या अरबी-फारसीतूनच चाले. पण महसूल गोळा करायचा तर गावापर्यंत उतरावे लागते आणि गावात फारसी जाणणारे कोणी नव्हते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा मराठी घरांत शतकानुशतके सांगितली जाते. तिचा चमत्कार बाजूला ठेवला तरी तिच्यातली व्यवस्था खरी आहे : बादशहा बीदरचा आणि वसूल करणारा कारभारी मराठी.

ही व्यवस्था आदिलशाहीत उघडपणे मान्य झाली. फरिश्ताच्या इतिहासानुसार सोळाव्या शतकात पहिल्या इब्राहिम आदिलशहाने महसुली हिशेब फारसीतून काढून देशी भाषेत लिहिण्याची मुभा दिली आणि ते काम ब्राह्मण कारकुनांकडे गेले. अभ्यासक त्या देशी भाषेचा अर्थ मुख्यतः मराठी असा लावतात. आदिलशाही दप्तरात वर फारसी आणि खाली मोडीतला मराठी मजकूर अशी दुभाषी कागदपत्रे सापडतात. दोन भाषांना एकाच कागदावर जागा देण्याची ही पद्धत कोणत्याही भाषाप्रेमातून आली नव्हती. वसुली नीट व्हावी, हुकूम ज्याला पाळायचा त्याला तो वाचता यावा, एवढाच हेतू होता. पण हुकूम पाळणाऱ्याला कळला पाहिजे, हे त्या राजवटीला उमगले होते. नंतरच्या तीन राजवटींना ते तेवढे उमगले असे म्हणता येत नाही.

धर्माच्या व्यवहारात तर भाषांची सरमिसळ याहून मोकळी होती. बीदरच्या राजघराण्यातले मानले जाणारे शहा मुंतोजी बहमनी कल्याणीच्या सहजानंदांचे शिष्य झाले आणि मृत्युंजय या नावाने त्यांनी मराठीत ग्रंथरचना केली. अफजलपूर तालुक्यातल्या गाणगापुरी नृसिंह सरस्वतींचा मठ आहे. त्यांचे चरित्र सांगणारा ‘गुरुचरित्र’ हा ग्रंथ मराठीत आहे, आणि तो रचणाऱ्या सरस्वती गंगाधरांची घरची भाषा कन्नड होती असे मानले जाते. हुमणाबादजवळच्या माणिकनगरचे माणिकप्रभू (१८१७–१८६५) यांनी मराठी, कन्नड आणि हिंदुस्थानी अशा अनेक भाषांत पदे केली आणि त्यांच्या दरबारी हिंदू-मुसलमान दोघेही येत. एक भाषा ठरवून घेतल्याशिवाय माणसे एकत्र येत नाहीत, हा समज या परिसराने फार पूर्वीच खोटा ठरवला होता.

निजामाच्या राज्यात गुलबर्गा सुभ्यात विसाव्या शतकाच्या आरंभी गुलबर्गा, बीदर, रायचूर आणि उस्मानाबाद हे जिल्हे होते. दप्तर तीन थरांत वाटलेले होते. हैदराबादेतल्या ब्रिटिश रेसिडेंटशी पत्रव्यवहार इंग्रजीत, सुभा-जिल्हा-तालुक्याचे काम आधी फारसीत आणि १८८४ च्या सुमारास उर्दूत, आणि गावचे हिशेब गावच्या भाषेत. माली पाटील, पोलीस पाटील आणि पटवारी ही गावची माणसे. पटवाऱ्याचे कागद कुठे मोडी मराठीत, कुठे कन्नडमध्ये, पूर्वेकडे तेलुगूत. तहसिलात मात्र अर्ज उर्दूत, निवाडा उर्दूत, जमिनीचा आदेश उर्दूत. गावातून आलेल्या माणसाला तहसिलाच्या दारात बसलेल्या अर्जनवीसाला पैसे देऊन आपले म्हणणे दुसऱ्या भाषेत लिहून घ्यावे लागे. आपल्याच जमिनीबद्दल काय लिहिले गेले, हे त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागे. भाषेच्या मान्यतेचा प्रश्न इथे साहित्याचा किंवा अस्मितेचा होण्याआधी रोजच्या जगण्याचा होता.

फारसीऐवजी उर्दू आली ही त्या काळी सुधारणाच मानली गेली आणि काही अंशी ती होतीही. उर्दू या मातीत वाढलेली भाषा होती. बीदर-गुलबर्ग्याच्या हजारो मुसलमान घरांची ती बोली होती आणि बाजारात सर्वांना समजत होती. पण १९०१ च्या जनगणनेत हैदराबाद संस्थानात तेलुगू बोलणारे सुमारे ४६ टक्के, मराठी २६, कन्नड १४ आणि उर्दू १० टक्के होते. म्हणजे दहा जणांतल्या नऊ जणांच्या घरची भाषा तहसिलाच्या पायरीपाशीच थांबत होती.

याच धोरणातून एक खरोखर मोठी गोष्ट घडली. १९१७ मध्ये संस्थानातले अधिकारी अकबर हैदरी यांच्या निवेदनानंतर निजाम मीर उस्मान अली खान यांनी उस्मानिया विद्यापीठाला मान्यता दिली. १९१९ मध्ये वर्ग सुरू झाले. वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा, विज्ञान हे सारे उर्दूतून शिकवायचे ठरले. त्यासाठी दारुल तर्जुमा म्हणजे भाषांतर विभाग काढला गेला, परिभाषा घडवली गेली, शेकडो ग्रंथ उतरवले गेले. इंग्रजी सक्तीचा विषय म्हणून राहिली, पण शिकण्याचे माध्यम भारतीय भाषा झाली. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देता येत नाही, असे तेव्हा सर्वत्र सांगितले जात होते. हैदराबादने ते करून दाखवले. या कामाची थोरवी मान्य केलीच पाहिजे. पण इंग्रजीविरुद्ध मातृभाषेच्या बाजूने केलेला हा युक्तिवाद भालकीच्या मराठी किंवा आळंदच्या कन्नड मुलापर्यंत पोचला तेव्हा उलटा झाला. त्याच्यासाठी उर्दू हीही शिकून घ्यायची भाषा होती. ज्या तत्त्वावर विद्यापीठ उभे राहिले, ते तत्त्व राज्यातल्या नव्वद टक्क्यांना लागू केले गेले नाही.

खाजगी शाळांतून ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न झाला. १९०७ मध्ये हैदराबादेत विवेकवर्धिनी आणि गुलबर्ग्यात नूतन विद्यालय सुरू झाले. गुलबर्ग्याच्या शाळेतून मराठी आणि कन्नड अशा दोन्ही घरांतली मुले शिकली. सरकारने १९२४ च्या सुमारास खाजगी शाळांना पूर्वपरवानगी आवश्यक केली आणि अशा शाळांची संख्या झपाट्याने उतरली. १९२९ च्या ‘गश्ती निशान ५३’ या हुकमाने सभांनाही परवानगी लागू लागली. भालकीच्या हिरेमठाचे चन्नबसव पट्टद्देवरू यांनी कमलनगर आणि भालकीत शाळा चालवल्या. बाहेर उर्दू पाटी लावून आत कन्नड शिकवले जाई, अशी त्यांच्या शाळेची आठवण त्या भागात आजही सांगितली जाते. पट्टद्देवरूंच्या कामाकडे मराठी वाचकाने विशेष लक्ष द्यायला हवे, कारण कमलनगर-औरादचा पट्टा मराठी बोलणाऱ्यांचा म्हणून ओळखला जातो. तिथे कन्नडला दोन बाजूंनी दबाव होता. वरून उर्दूचा, आणि शिकलेल्या वर्गात, कीर्तनात, हिशेबात, पत्रव्यवहारात चालणाऱ्या मराठीचा. मराठी माणसाच्या आठवणीत फक्त उर्दूचा जाच राहतो. त्याच काळात आपल्या भाषेचे वजन शेजाऱ्यावर पडत होते, हे तो सहसा सांगत नाही.

याचे एक नोंदलेले उदाहरण हैदराबाद शहरातलेच आहे. नोव्हेंबर १९२१ मध्ये विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सामाजिक परिषद भरली. भाषणे इंग्रजी, उर्दू, मराठी, कन्नडमध्ये झाली. अल्लमपल्ली व्यंकटराम राव तेलुगूत बोलायला उभे राहिले तेव्हा सभेतल्या इतर भाषकांनी त्यांची टर उडवली आणि त्यांना बोलू दिले नाही. त्या रात्रीच तेलुगू मंडळींनी वेगळा आंध्र जनसंघ स्थापन केला. पुढची आंध्र महासभा त्यातूनच उभी राहिली. संस्थानातली सर्वांत मोठी भाषा बोलणारा माणूस सुधारकांच्याच व्यासपीठावर हिणवला गेला, ही घटना हैदराबादच्या भाषिक इतिहासात विसरण्याजोगी नाही. यानंतर प्रत्येक भाषेने आपापली संघटना बांधली. १९२८ मध्ये गुलबर्ग्यात बी. एम. श्रीकंठय्या यांच्या अध्यक्षतेखाली कन्नड साहित्य संमेलन भरले. १९३१ चे मराठी साहित्य संमेलन श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली हैदराबादेत झाले. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले आणि कर्नाटक परिषदही त्याच सुमारास उभी राहिली. या परिषदांनी राजकीय जागृती केली, लोकांना मातृभाषेत सभा घेण्याचे धैर्य दिले. पण तिन्ही परिषदा मिळून राज्याने चार भाषांत कारभार करावा, असा एकत्रित आराखडा त्यांच्यातून निघाला नाही.

१९४८ च्या उन्हाळ्यात बीदर जिल्ह्यातल्या गोरट्यात रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांनी, गावकऱ्यांची कत्तल केली. सप्टेंबरात भारत सरकारची पोलीस कारवाई झाली आणि निजामाची सत्ता संपली. त्यानंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर भयानक अत्याचार झाले. पाहणीसाठी आलेल्या पंडित सुंदरलाल समितीने याच चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसल्याचे नोंदवले. उर्दूचे दप्तरातून जाणे या दहशतीच्या छायेत झाले. राज्याच्या भाषेचा बदल जिथे विचारविनिमयाने व्हायला हवा होता, तिथे तो पराभूत राजवटीची निशाणी पुसण्यासारखा उरकला गेला. उस्मानियाचे माध्यमही गेले आणि तीन दशकांचे परिभाषेचे काम कपाटात बंद झाले. जागा कोणी घेतली? मराठीने नाही, कन्नडने नाही, तेलुगूनेही नाही. सरकारी कामकाजात आणि विद्यापीठात इंग्रजी आली. स्वातंत्र्यानंतर इंग्रजीचा विस्तार झालेल्या मोजक्या प्रदेशांत बीदर-गुलबर्ग्याची गणना करावी लागते.

राज्य पुनर्रचना आयोगापुढे १९५५ मध्ये बीदर हा अवघड जिल्हा होता. मराठी बोलणारे सर्वांत जास्त, तरी निम्म्याहून कमी. खालोखाल कन्नड, मग तेलुगू आणि उर्दू. आयोगाने उर्वरित हैदराबाद राज्य सुचवताना सगळा बीदर जिल्हा त्यात ठेवला होता, म्हणजे तेलुगू जिल्ह्यांबरोबर. संसदेने ही शिफारस मानली नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचना अधिनियमाने जिल्ह्याचे तीन तुकडे केले. अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले. १९८२ पासून ते लातूर जिल्ह्यात आहेत. नारायणखेड तालुका, निर्णा सर्कल वगळता जहिराबाद तालुका आणि बीदर तालुक्यातले न्यालकल सर्कल आंध्रात गेले. तो भाग आज तेलंगणात आहे. उरलेले बीदर, भालकी, औराद, हुमणाबाद म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले. गुलबर्ग्यातून कोडंगल आणि तांडूर आंध्राला देऊन बाकी जिल्हा, आळंदसह, म्हैसूरला मिळाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ही वाटणी अमलात आली. कल्याणीचे नाव बसवकल्याण झाले. गुलबर्ग्याचे कलबुर्गी व्हायला मात्र २०१४ चा नोव्हेंबर उजाडावा लागला.

ही विभागणी सर्कलपर्यंत खाली उतरून केली गेली होती, म्हणजे आखणाऱ्यांनी भाषेचा बारकाईने विचार केला होता. तरीही कुठलीही रेघ या भागातल्या मिश्र वस्तीच्या गावांना एकभाषी करू शकत नव्हती. कन्नड भाषकांसाठी ही वाटणी मुक्ती होती आणि तसे म्हणण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे; जिथे पाटीसुद्धा उर्दूत लावावी लागे, तिथे त्यांची भाषा आता राज्याची भाषा होणार होती. रेघेच्या म्हैसूरकडच्या बाजूला राहिलेल्या मराठी माणसासाठी मात्र परक्या दप्तराची जुनीच गोष्ट नव्या लिपीत सुरू झाली.

राज्यघटना घडवणाऱ्यांना हा धोका दिसत होता. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलम आले : प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा. ३५०-ब ने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद केली. ३४७ व्या कलमाखाली लोकसंख्येच्या पुरेशा भागाची मागणी असल्यास राष्ट्रपती एखाद्या भाषेला राज्याच्या काही भागात मान्यता देण्याचा निर्देश देऊ शकतात. ३५० व्या कलमाने तक्रारअर्ज संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो. उत्तर कोणत्या भाषेत मिळेल, याबद्दल ते कलम काही बोलत नाही. १९५६ च्या केंद्रीय निवेदनात आणि १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेत आणखी दोन कसोट्या ठरल्या. जिल्हा, नगरपालिका किंवा तालुका यांत १५ ते २० टक्के लोक दुसरी भाषा बोलत असतील तर महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्या भाषेत छापावेत. जिल्ह्यात ६० टक्के लोक दुसरी भाषा बोलत असतील तर ती राज्यभाषेच्या जोडीने जिल्ह्याची अधिकृत भाषा करता यावी.

साठ टक्क्यांची कसोटी बीदरला कधीच लागू पडणार नव्हती, कारण मराठीबहुल तालुके आधीच बाजूला काढून मग जिल्हा मोजला जात होता. पंधरा टक्क्यांची कसोटी मात्र तालुक्यापर्यंत उतरते आणि या भागाच्या खरोखर उपयोगाची तीच आहे. पण ती कायद्यात नाही, राज्यांनी दिलेल्या आश्वासनात आहे. न्यायालयात जाऊन मागता येईल असा हक्क त्यातून तयार होत नाही. सूचना मराठीत छापायची की नाही, हे त्या त्या वेळच्या जिल्हाधिकाऱ्याच्या मर्जीवर राहते. फिनलंडमध्ये एखाद्या नगरपालिकेत दुसऱ्या भाषेचे लोक ८ टक्के किंवा ३,००० झाले की ती नगरपालिका कायद्याने दुभाषी ठरते आणि तिथल्या कचेरीला दोन्ही भाषांत उत्तर द्यावेच लागते. टक्केवारी कमी आहे यापेक्षा ती बंधनकारक आहे, हा तिथला महत्त्वाचा फरक.

१९६३ च्या राजभाषा अधिनियमाने कन्नड म्हैसूर राज्याची राजभाषा झाली. इंग्रजीला चालू राहण्याची मुभा ठेवली गेली. दुसऱ्या कुठल्याही भाषेला जिल्हापातळीवर जागा दिली गेली नाही. १९८१ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठीही वेगळा राजभाषा कायदा झाला. ऐंशीच्या दशकात गोकाक आंदोलनाने कन्नडचा आग्रह तीव्र केला. त्यामागची काळजी खरी होती : बंगळुरूत कन्नड मागे पडत होती. पण बंगळुरूसाठी केलेला उपाय औरादला लागू झाला की त्याचा परिणाम वेगळा होतो. २००० नंतर ‘भूमी’ प्रकल्पात राज्यातले सुमारे २ कोटी जमिनीचे उतारे संगणकावर आले. या भागात त्या उताऱ्याला अजून निजामी काळातला पहाणी हाच शब्द आहे. हाती लिहिण्याच्या काळात एखादा तलाठी समोरच्या माणसासाठी मराठीत दोन ओळी लिहून देई. संगणकाच्या छापील उताऱ्यात ती सवड उरली नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंना शेत असलेल्या कुटुंबाकडे एकाच पिकाचा एक कागद सातबारा म्हणून मराठीत आणि दुसरा पहाणी म्हणून कन्नडमध्ये असतो.

शाळांची कहाणी यापेक्षा बरी आहे आणि ती सांगितली नाही तर अन्याय होईल. कर्नाटक सरकार आजही मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. राज्याचे पाठ्यपुस्तक मंडळ कन्नड, इंग्रजी, उर्दू, हिंदी, तमिळ, तेलुगू आणि मराठी अशा सात माध्यमांत पुस्तके छापते. दहावीची परीक्षा मराठीतून देता येते. १९८० मध्ये स्थापन झालेल्या गुलबर्गा विद्यापीठात मराठीचा विभाग आहे. पण दहावीनंतर धागा तुटतो. पदवीपूर्व वर्गांचे माध्यम कन्नड किंवा इंग्रजी. म्हणून भालकी-औरादची पुष्कळ मुले उदगीर-लातूरकडे वळतात, किंवा पुढचा त्रास टाळण्यासाठी आईवडील पहिलीपासूनच इंग्रजी शाळा निवडतात. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाच्याच प्रकरणात मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती करता येत नाही असा निर्णय दिला, तेव्हा त्याचा पहिला लाभ इंग्रजीलाच झाला. नोकरी, न्यायालय आणि कचेरी यांत ज्या भाषेला जागा नाही, त्या भाषेची शाळा किती दिवस भरेल, हा प्रश्न त्या गावांतल्या मुख्याध्यापकांना दरवर्षी पटावर दिसतो.

मराठीच्या मान्यतेची मागणी मागे पडण्याचे मोठे कारण सीमावाद आहे. मुंबई राज्याने जून १९५७ मध्ये केंद्राला निवेदन दिले. ऑक्टोबर १९६६ मध्ये मेहरचंद महाजन आयोग नेमला गेला आणि ऑगस्ट १९६७ मध्ये त्याने २६४ गावे महाराष्ट्राला, २४७ गावे म्हैसूरला द्यावीत असे सुचवले. महाराष्ट्राने ते नाकारले. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. महाराष्ट्र मागत असलेल्या ८६५ गावांत बेळगाव, कारवार आणि निपाणीबरोबर बीदर-भालकीकडची गावेही आहेत. या लढ्याचे केंद्र नेहमी बेळगाव राहिले आणि बीदर-कलबुर्गीच्या वाट्याला यादीतला शेवटचा उल्लेख आला. त्याहून गंभीर परिणाम असा झाला की मराठीत सूचना छापा एवढे म्हणणेही सीमा सरकवण्याची मागणी म्हणून ऐकले जाऊ लागले. नोव्हेंबर २०२० मध्ये कर्नाटक सरकारने मराठा समाजासाठी विकास मंडळ जाहीर केले, तेव्हा कन्नड संघटनांनी ५ डिसेंबरला राज्य बंदची हाक दिली. मंडळ एका समाजासाठी होते, भाषेसाठी नव्हते. तरी विरोध भाषेच्या नावाने झाला. महाराष्ट्रातल्या पुढाऱ्यांनीही राज्य बदलण्याच्या मागणीला जेवढे बळ दिले, तेवढे बळ तिथेच राहून मराठीत कागद मिळवण्याच्या मागणीला दिले नाही. साठ वर्षांत दुसरी मागणी निदान अर्धी तरी पदरात पडली असती.

राज्य न फोडता एखाद्या भागाला दुसरी राजभाषा देणे भारतात अपूर्व नाही. पश्चिम बंगालने १९६१ च्या कायद्यात दार्जिलिंगच्या डोंगरी उपविभागांसाठी बंगालीच्या जोडीला नेपाळीला स्थान दिले. त्याच वर्षी १९ मे रोजी सिलचरला भाषा आंदोलनावरच्या गोळीबारात अकरा माणसे मेली, तेव्हा आसामने कायदा बदलून बराक खोऱ्यात बंगालीला जिल्हापातळीवर मान्यता दिली. गोव्याने १९८७ मध्ये कोंकणीला राजभाषा करताना सरकारी कामात मराठी वापरण्याची तरतूद ठेवली. तेलंगणाने २०१७ मध्ये उर्दूला राज्यभर दुसरी अधिकृत भाषा केले. त्यामुळे जुन्या बीदर जिल्ह्याचे आजचे चित्र असे आहे : उदगीरला मराठी राजभाषा, जहिराबादला तेलुगू आणि तिच्या जोडीने उर्दू, आणि खुद्द बीदर शहरात, जिथून उर्दूचे दप्तर चालत होते, तिथे फक्त कन्नड. १९५६ पूर्वी एकाच तहसिलाच्या वाऱ्या करणाऱ्या गावांतल्या उर्दू भाषकांना आता एका बाजूला हक्क आहे, दुसऱ्या बाजूला नाही.

इंग्रजीचे स्थान मात्र या सगळ्यात अबाधित आहे. कलबुर्गीत २००८ मध्ये उच्च न्यायालयाचे फिरते पीठ आले आणि २०१३ मध्ये ते कायम झाले. आळंदच्या शेतकऱ्याला बंगळुरूची वारी वाचली, ही मोठी सोय झाली. पण घटनेच्या ३४८ व्या कलमानुसार तिथली भाषा इंग्रजी. आळंद तालुक्यातच कडगंचीला २००९ मध्ये स्थापन झालेले केंद्रीय विद्यापीठही इंग्रजीतूनच शिकवते. खालच्या न्यायालयात कन्नड, वरच्या न्यायालयात इंग्रजी आणि पुराव्यात उर्दू किंवा मोडीतला जुना कागद, अशी तिहेरी गुंतागुंत जमिनीच्या दाव्यांत होते. मोडी आणि जुनी दप्तरी उर्दू वाचणारी माणसे कमी होत आहेत. ती शिकवण्याची सोय जिल्ह्यातच असावी, ही मागणी इतिहासाच्या आवडीतून आलेली नाही. लोकांची मालकी त्या कागदांत अडकली आहे.

या दोन जिल्ह्यांतल्या भाषांपैकी लमाणीला आजवर कुठल्याच राजवटीत स्थान मिळालेले नाही. कलबुर्गी, चिंचोली, आळंद, औरादच्या तांड्यांवर ती बोलली जाते. जनगणनेत ती हिंदीच्या खाली मोजली जाते, आठव्या अनुसूचीत ती नाही आणि तिच्या बोलणाऱ्यांना शाळेच्या पहिल्याच दिवशी कन्नड, मराठी किंवा तेलुगू यांपैकी एक परकी भाषा उचलावी लागते. १९ जानेवारी २०२३ रोजी माळखेडच्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते तांड्यांवरच्या ५० हजारांहून अधिक कुटुंबांना घरांचे हक्कपत्र देण्याची सुरुवात झाली. महसुली गाव म्हणून नोंद नसलेल्या वस्त्यांना प्रथमच कागदावर अस्तित्व मिळाले. घटनेच्या ३४५ व्या कलमाने राज्याच्या विधानमंडळाला एक किंवा अधिक भाषा स्वीकारण्याचा अधिकार दिला आहे. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांपुरती मराठी आणि उर्दू, आणि तांड्यावरच्या अंगणवाडीपुरती लमाणी, एवढ्या मान्यतेला घटनादुरुस्ती लागत नाही आणि सीमाही हलवावी लागत नाही.